नव्या सरकारचा कायदेविषयक कार्यक्रम: संसदेतील चर्चा आणि मतदान यांचा मागोवा कसा घ्यावा

निवडणुकीनंतर नवे सरकार शपथ घेते तेव्हा त्याच्यापाशी जाहीरनामा असतो, बहुमताचा दावा असतो आणि करावयाच्या कायद्यांची कमीअधिक स्पष्ट कल्पना असते. यांपैकी काय प्रत्यक्षात उतरणार हे संसदेत ठरते. मात्र ते कोणत्या दिवशी आणि कोणत्या मतदानाने ठरले, हे दूरचित्रवाणीवरील गदारोळावरून सहसा कळत नाही. गाजलेले भाषण एका दिवशी झालेले असते आणि निर्णय दुसऱ्याच दिवशी, निम्म्या रिकाम्या सभागृहात होऊन गेलेला असतो. भारतीय संसदेच्या कामकाजाचा मागोवा स्वतः घेऊ इच्छिणाऱ्या वाचकाने भाषणे ऐकण्याआधी कागद वाचावेत आणि निकालाच्या आकड्याआधी मतदानाची पद्धत पाहावी, असे माझे मत आहे. त्यासाठी काय वाचावे आणि कोठे थांबून पाहावे, ते पुढे दिले आहे.

कार्यक्रम कोठे लिहिलेला असतो

पहिला कागद म्हणजे राष्ट्रपतींचे अभिभाषण. संविधानाच्या अनुच्छेद ८७ नुसार लोकसभेच्या प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी आणि दरवर्षीच्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी राष्ट्रपती दोन्ही सभागृहांच्या एकत्रित बैठकीपुढे अभिभाषण करतात. मूळ तरतुदीत ते प्रत्येक अधिवेशनाला अपेक्षित होते. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने ते वर्षातून एकदा केले गेले. अठराव्या लोकसभेच्या निवडणुकीनंतर २७ जून २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी असे अभिभाषण केले. त्यातील प्रत्येक शब्द मंत्रिमंडळाने संमत केलेला असतो. ‘माझे सरकार’ असे राष्ट्रपती म्हणत असले, तरी धोरण सरकारचे असते आणि टीकेला उत्तरही सरकारलाच द्यावे लागते. राज्यात हेच काम अनुच्छेद १७६ खालील राज्यपालांचे अभिभाषण करते.

अभिभाषण वाचताना एक अपेक्षा मात्र बाजूला ठेवावी. ब्रिटनमध्ये राजाच्या भाषणात येत्या अधिवेशनात आणावयाच्या विधेयकांचा निर्देश असतो. १७ जुलै २०२४ रोजी तेथील नव्या मजूर पक्षाच्या सरकारने असाच विस्तृत कार्यक्रम मांडला. आपल्याकडील अभिभाषणात झालेल्या कामांचा आढावा आणि पुढील दिशेचे संकेत यांना अधिक जागा मिळते आणि विधेयकांची नावे क्वचितच येतात. म्हणून अभिभाषणातील भविष्यकाळी वाक्ये तेवढी वेगळी काढावीत आणि त्यांतील कोणत्या वाक्यासाठी नवा कायदा लागेल, कोणत्यासाठी केवळ अर्थसंकल्पातील तरतूद पुरेल आणि कोणते वाक्य निव्वळ इच्छा आहे, अशी वर्गवारी करावी. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण चर्चेत कोण विषयावर बोलत आहे हे ओळखण्याची कसोटी त्यातूनच हाती येते.

दुसरा कागद अधिक उपयोगाचा आहे. प्रत्येक अधिवेशनापूर्वी लोकसभेच्या बुलेटिनच्या दुसऱ्या भागात सरकारने योजलेल्या विधेयकांची यादी प्रसिद्ध होते. ती वाचावी, परंतु अंतिम मानू नये, कारण ती सरकारवर बंधनकारक नसते. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी वित्त विधेयकासह सहा विधेयकांची यादी दिली गेली होती. तीत वक्फ दुरुस्ती विधेयकाचे नाव नव्हते, आणि तरीही त्या अधिवेशनातील सर्वाधिक वादग्रस्त विधेयक म्हणून तेच ८ ऑगस्ट २०२४ रोजी लोकसभेत मांडले गेले. त्यामुळे यादीबरोबर रोजची कार्यक्रमपत्रिका आणि आयत्या वेळी निघणारी पुरवणी कार्यक्रमपत्रिकाही पाहणे आवश्यक ठरते.

याच टप्प्यावर जुन्या लोकसभेतील कोणती विधेयके व्यपगत झाली, म्हणजे आपोआप रद्द ठरली, तेही तपासावे. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे प्रलंबित असलेली, तसेच तिने संमत करून राज्यसभेकडे पाठवलेली व तेथे अडकलेली विधेयके अनुच्छेद १०७ नुसार व्यपगत होतात. राज्यसभेत प्रलंबित असलेली आणि लोकसभेने अद्याप संमत न केलेली विधेयके मात्र जिवंत राहतात. नवे सरकार जुनेच विधेयक पुन्हा मांडते तेव्हा दोन्ही मसुदे शेजारी ठेवून वाचल्यास मधल्या काळात काय गाळले गेले आणि काय घुसवले गेले हे दिसते. वृत्तपत्रांत ही तुलना फार कमी वेळा येते.

आभारप्रस्तावावरील चर्चा

अभिभाषणानंतर दोन्ही सभागृहांत स्वतंत्रपणे आभारदर्शक प्रस्ताव मांडला जातो. सत्ताधारी पक्षाचा एक सदस्य तो मांडतो आणि दुसरा त्याला अनुमोदन देतो. अभिभाषणाबद्दल राष्ट्रपतींचे मनःपूर्वक आभार, एवढाच त्याचा औपचारिक मजकूर असतो; त्यावरील चर्चा मात्र जवळजवळ कोणत्याही विषयावर होऊ शकते. बंधने दोनच लक्षात ठेवण्याजोगी आहेत: केंद्र सरकारची थेट जबाबदारी नसलेल्या बाबी काढता येत नाहीत आणि राष्ट्रपतींचे नाव वादात ओढता येत नाही. बोलण्याचा वेळ पक्षांना त्यांच्या संख्याबळाच्या प्रमाणात वाटून दिलेला असतो. एखाद्या लहान पक्षाच्या सदस्याने चार मिनिटांत तीन विषय उरकले, तर तो त्याचा उथळपणा असेलच असे नाही.

या चर्चेतील खरा ऐवज दुरुस्त्यांमध्ये असतो. ‘मात्र अभिभाषणात अमुक गोष्टीचा उल्लेख नाही याबद्दल खेद वाटतो’ अशा ठरलेल्या साच्यात विरोधी सदस्य प्रस्तावाच्या शेवटी भर घालण्याच्या सूचना देतात आणि अशा सूचनांची संख्या शेकड्यांत जाऊ शकते. बहुतेक सूचना शेवटी एकत्रितपणे मतास टाकल्या जातात आणि आवाजी मतदानाने फेटाळल्या जातात, म्हणून त्यांकडे दुर्लक्ष होते. तरीही त्या वाचाव्यात. भाषणात नेता टाळ्या मिळतील असे बोलतो, परंतु दुरुस्ती लिहून द्यावी लागते, तीत एकच मुद्दा येतो आणि तिच्याखाली नाव असते. कोणता पक्ष कोणत्या प्रश्नाला लेखी स्वरूपात धरून आहे आणि कोणता केवळ व्यासपीठावर बोलतो, हे या सूचनांवरून बऱ्यापैकी कळते.

लोकसभेत अशी दुरुस्ती संमत होणे हा सरकारवरील अविश्वासच मानला जातो, कारण अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते. स्वतंत्र भारतात तसा प्रसंग आलेला नाही. ब्रिटनमध्ये मात्र जानेवारी १९२४ मध्ये स्टॅन्ली बाल्डविन यांचे सरकार राजाच्या भाषणावरील दुरुस्तीच्या मतदानातच पडले आणि रॅम्से मॅकडोनाल्ड यांचे पहिले मजूर सरकार सत्तेवर आले. आपल्या राज्यसभेत सरकारचे बहुमत असतेच असे नाही, आणि तेथे १९८०, १९८९, २००१, २०१५ व २०१६ मध्ये आभारप्रस्ताव दुरुस्त्यांसह संमत झालेला आहे. ३ मार्च २०१५ रोजी सीताराम येचुरी यांची भ्रष्टाचार व काळा पैसा यांविषयीची दुरुस्ती ११८ विरुद्ध ५७ मतांनी संमत झाली; पुढच्याच वर्षी पंचायत निवडणुकीतील उमेदवारांवर घातलेल्या शैक्षणिक अटींच्या संदर्भातील गुलाम नबी आझाद यांची दुरुस्ती ९४ विरुद्ध ६१ मतांनी संमत झाली. दोन्ही वेळा सरकार पडले नाही, पडण्याचे कारणही नव्हते. पण लोकसभेत भक्कम बहुमत असलेल्या सरकारची विधेयके दुसऱ्या सभागृहात कोठे अडणार, याचा अंदाज या आकड्यांतून आधीच येतो. तेव्हा नव्या सरकारच्या पहिल्या अधिवेशनात राज्यसभेच्या आभारप्रस्तावाकडे लोकसभेपेक्षा अधिक लक्ष द्यावे.

चर्चेचा शेवट पंतप्रधानांच्या उत्तराने होतो. उत्तरात बराच भाग राजकीय प्रतिटोल्यांचा असतो, म्हणून आपण आधी वेगळ्या काढलेल्या भविष्यकाळी वाक्यांपैकी किती वाक्यांचा उल्लेख उत्तरात आला तेवढेच टिपावे. उत्तर होईलच असे मात्र गृहीत धरू नये: जून २००४ मध्ये लोकसभेने पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उत्तराविनाच प्रस्ताव संमत केला होता.

विधेयकाच्या वाटेवरील मतदाने

आभारप्रस्ताव संमत झाला म्हणजे कार्यक्रमाला मंजुरी मिळाली, असा समज वृत्तांमधून पसरतो. कायद्याच्या दृष्टीने त्याने काहीच संमत झालेले नसते. खरी मतदाने प्रत्येक विधेयकावर वेगळी होतात आणि एका सभागृहात ती किमान चार ठिकाणी होऊ शकतात: विधेयक मांडण्यास परवानगी देताना, ते विचारात घेण्याच्या प्रस्तावावर, एकेका खंडावर व त्यावरील दुरुस्त्यांवर, आणि अखेरीस विधेयक संमत करण्याच्या प्रस्तावावर. बातमीत एक आकडा दिसला की तो यांपैकी कोणत्या टप्प्याचा आहे हे आधी विचारावे.

एकत्रित निवडणुकांसाठीचे घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडले गेले, तेव्हा मांडण्याच्या परवानगीवरच मतविभागणी, म्हणजे मतांची मोजणी, झाली आणि २६९ विरुद्ध १९८ असा निकाल लागला. मांडण्यासाठी साधे बहुमत पुरते, म्हणून विधेयक मांडले गेले आणि पुढे संयुक्त समितीकडे गेले. घटनादुरुस्ती संमत करण्यासाठी मात्र अनुच्छेद ३६८ नुसार दोन अटी पूर्ण व्हाव्या लागतात: एकूण सदस्यसंख्येचे बहुमत, आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत. त्या दिवशी मत देणाऱ्या ४६७ सदस्यांचे दोन तृतीयांश म्हणजे ३१२ मते होतात. त्याच आकड्यांवर विधेयक संमत करण्याचे मतदान झाले असते तर ते पडले असते. असे गणित घरी बसून करता येते, आणि विजय वा पराभवाच्या मथळ्यांपेक्षा ते अधिक सांगून जाते.

गणित करताना सभात्यागाचा परिणाम दोन्ही अटींवर सारखा होत नाही हे ध्यानात घ्यावे. साध्या बहुमतात उपस्थित राहून मतदान करणारेच मोजले जातात. तटस्थ राहिलेले किंवा बाहेर गेलेले हिशेबातून गळतात आणि सरकारचे काम सोपे होते. घटनादुरुस्तीत दोन तृतीयांशाचा आकडा सभात्यागाने खाली येतो, परंतु एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताचा येत नाही, कारण रिक्त जागाही त्या संख्येत धरल्या जातात. ५४३ सदस्यांच्या लोकसभेत तो आकडा २७२ आणि २४५ सदस्यांच्या राज्यसभेत १२३ असतो.

विधेयक धन विधेयक, म्हणजे केवळ कर, सरकारी खर्च अशा आर्थिक बाबींचे, असल्यास राज्यसभेतील संख्याबळाला फारसा अर्थ उरत नाही. तिला चौदा दिवसांत केवळ शिफारशी करता येतात आणि त्या स्वीकारणे लोकसभेच्या मर्जीवर असते. विधेयक धन विधेयक आहे की नाही याबाबत लोकसभा अध्यक्षांचे प्रमाणपत्र महत्त्वाचे असल्याने विधेयकाच्या प्रतीवर ते आहे का ते पाहावे. इतर विधेयकांवर दोन सभागृहांत मतभेद झाल्यास अनुच्छेद १०८ खाली संयुक्त बैठक होऊ शकते, मात्र १९६१, १९७८ आणि २००२ या तीनच वर्षी विधेयकांसाठी ती बोलावली गेली, आणि घटनादुरुस्तीसाठी तर तो मार्गच उपलब्ध नाही.

मत कसे घेतले गेले

प्रस्ताव मतास टाकला की पीठासीन अधिकारी प्रथम आवाजी मतदान घेतात: अनुकूल असणारे ‘होय’ म्हणतात, प्रतिकूल असणारे ‘नाही’ म्हणतात आणि कोणती बाजू बहुमतात आहे ते पीठासीन अधिकारी जाहीर करतात. बहुसंख्य विधेयके अशीच संमत होतात. यात कोणी कोणते मत दिले याची नोंद राहत नाही, म्हणूनच मी या पद्धतीकडे संशयाने नव्हे, तरी सावधपणे पाहतो. ज्या विधेयकावर सर्वांचे एकमत आहे तेथे ती वेळ वाचवते. ज्यावर तीव्र मतभेद आहेत तेथे ती सदस्याला मतदारसंघात दोन्ही बाजूंनी बोलायला मोकळे ठेवते.

आवाजी निर्णयाला आव्हान दिले गेले की मतविभागणी होते. आपल्या विधिमंडळाच्या बोलीत याला पोल मागणे म्हणतात. लोकसभेत लॉब्या रिकाम्या करण्याचा आदेश होतो आणि साडेतीन मिनिटे घंटा वाजते. मग प्रस्ताव दुसऱ्यांदा मतास टाकून पुन्हा आव्हान आल्यास स्वयंचलित यंत्राद्वारे, चिठ्ठ्यांद्वारे किंवा सदस्यांना लॉबीत पाठवून मते नोंदली जातात. मतविभागणीची मागणी अनावश्यक वाटल्यास सदस्यांना जागेवर उभे करून केवळ शिरगणती करण्याचा अधिकारही अध्यक्षांना आहे. तीत संख्या मिळते, नावे मिळत नाहीत.

फलकावर पहिल्यांदा दिसणारा आकडा अंतिम नसतो. १७ डिसेंबर २०२४ च्या ज्या निकालाचा उल्लेख वर आला, त्यात यंत्रावर प्रथम २२० विरुद्ध १४९ असे आकडे दिसले होते. चिठ्ठ्यांनी दिलेली व दुरुस्त केलेली मते मिळवल्यानंतर ते २६९ विरुद्ध १९८ झाले. महिला आरक्षणाचे विधेयक २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत चिठ्ठ्यांद्वारेच ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. आकडा उद्धृत करावयाचा असल्यास दुसऱ्या दिवशीच्या अधिकृत इतिवृत्तातून घ्यावा.

मतविभागणी मागितली गेली आणि दिली गेली नाही, असे प्रसंग वेगळे नोंदवून ठेवावेत. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयके गोंधळातच आवाजी मतदानाने संमत झाली. विरोधकांनी मतविभागणी मागितली होती, तर मागणी करणाऱ्यांनी आपापल्या जागेवर असणे आवश्यक होते, अशी पीठासीन उपसभापतींची बाजू होती. महाराष्ट्रातील वाचकाला १२ नोव्हेंबर २०१४ चा विधानसभेतील दिवस आठवत असेल: देवेंद्र फडणवीस यांच्या नव्या सरकारवरील विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर झाले आणि विरोधकांनी त्यावर मोठा आक्षेप घेतला. त्याउलट ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे यांच्या सरकारचा ठराव १६४ विरुद्ध ९९ अशा मोजलेल्या मतांनी संमत झाला, त्यामुळे निदान संख्येबद्दल वाद उरला नाही.

पक्षादेश आणि गैरहजेरी

नावानिशी नोंदलेले मत मिळाले, तरी ते सदस्याचे स्वतःचे मत आहे असे लगेच धरू नये. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणारा किंवा मतदानापासून दूर राहणारा सदस्य अपात्र ठरू शकतो, जर पक्षाने पंधरा दिवसांच्या आत त्याला माफ केले नाही. म्हणून पक्षाच्या प्रतोदाने आदेश काढला होता का आणि तो तीन ओळींचा होता का, हे आधी पाहावे. तीन ओळींचा आदेश म्हणजे हजर राहा आणि सांगितल्याप्रमाणेच मत द्या.

सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोतो होलोहान प्रकरणात या तरतुदीकडे संकुचित अर्थाने पाहावे असे सुचवले होते: सरकारचे अस्तित्व ठरवणारे मतदान, किंवा ज्या धोरणावर व कार्यक्रमावर पक्षाने मतदारांकडे कौल मागितला त्याच्याशी निगडित मतदान, एवढ्यांपुरतीच अपात्रता असावी. प्रत्यक्षात पक्ष किरकोळ विधेयकांवरही आदेश काढतात. तरीही नव्या सरकारच्या कार्यक्रमाचा अभ्यास करणाऱ्यास ही कसोटी उपयोगी पडते, कारण विधेयक जाहीरनाम्यात होते की नाही हा प्रश्न तिच्यामुळे नुसता नैतिक राहत नाही. ब्रिटनमध्ये २३ जुलै २०२४ रोजी राजाच्या भाषणावरील एका दुरुस्तीच्या बाजूने मत देणाऱ्या सात मजूर खासदारांना पक्षाने सहा महिन्यांसाठी संसदीय गटातून निलंबित केले. त्यांची खासदारकी मात्र अबाधित राहिली. आपल्याकडे असे मत देणाऱ्याची जागाच पणाला लागते.

त्यामुळे बंडखोर मत शोधण्यापेक्षा गैरहजेरी शोधावी. मतविभागणीच्या यादीत ज्यांची नावे दोन्ही बाजूंना नाहीत त्यांची नोंद करावी, त्या दिवसाच्या हजेरीशी ती पडताळावी आणि एकाच पक्षाचे अनेक सदस्य एकाच विधेयकाच्या वेळी नाहीसे झाले असल्यास त्यामागील कारण शोधावे. आजारपण आणि परदेश दौरे हीही खरी कारणे असतात, म्हणून एका नावावरून निष्कर्ष काढू नये.

नोंदी कोठे पाहाव्यात

थेट प्रक्षेपण संसद टीव्हीवर असते, परंतु आधार म्हणून लोकसभा व राज्यसभा यांच्या संकेतस्थळांवरील कामकाजाचा शब्दशः वृत्तान्त वापरावा. दोन्हींत फरक आढळल्यास गोंधळून जाऊ नये: पीठासीन अधिकाऱ्यांनी वगळण्याचा आदेश दिलेले शब्द वृत्तान्तात तारांकित चिन्हांनी दाखवले जातात. १ जुलै २०२४ रोजी आभारप्रस्तावावर विरोधी पक्षनेत्यांनी केलेल्या भाषणातील काही भाग असाच वगळला गेला, जरी तो लाखो लोकांनी आधीच ऐकलेला होता. दुरुस्त्यांच्या याद्या, विधेयकाची मांडलेली प्रत आणि संमत झालेली प्रत या तिन्ही गोष्टी उतरवून ठेवाव्यात. समितीकडे गेलेल्या विधेयकाच्या अहवालातील भिन्नमतपत्रिका, म्हणजे असहमत सदस्यांची लेखी टिपणे, तर आवर्जून वाचाव्यात, कारण सभागृहात नंतर होणारी चर्चा पुष्कळदा त्यांचीच उजळणी असते.

दोन्ही सभागृहांनी विधेयक संमत केले आणि राष्ट्रपतींनी अनुच्छेद १११ खाली अनुमती दिली की कायदा झाला. अंमल मात्र तेव्हाच सुरू होतो असे नाही. कायद्याचे पहिलेच कलम उघडून प्रारंभाची तारीख पाहावी. केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिवशी, असे तेथे लिहिलेले असल्यास मागोवा संपलेला नसतो. २०१९ व २०२० मध्ये संमत झालेल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आल्या, आणि डिसेंबर २०१९ मधील नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी अधिसूचित झाले. अधिसूचनांसाठी भारताच्या राजपत्राचे संकेतस्थळ पाहावे आणि कायद्याखालील नियम तपासणाऱ्या अधीनस्थ कायदेविषयक समितीच्या अहवालांत त्या त्या मंत्रालयाने नियम करण्यासाठी कितीदा मुदतवाढ मागितली, तेही तपासावे.